कडेच्या बाहेर दोन बोटे

गजकर्णाविषयी कोणी लिहीत नाही. क्षय, देवी, विषमज्वर यांना लोकांच्या आठवणींत मानाची जागा मिळते. खाजेला मिळत नाही. मी ती देणार आहे. अठराव्या वर्षापासून पुढची दोन वर्षे मी ज्या अस्वस्थतेत काढली, तिला नंतरच्या आयुष्यात मी बरीच भारदस्त नावे देऊन पाहिली. त्यांतले एकही खरे नव्हते. मला खाज सुटत होती, आणि ती चारचौघांत भागवता येत नव्हती, एवढाच त्या अस्वस्थतेचा अर्थ होता.

मरोद्याच्या बाजूला आमचे दोन खोल्यांचे क्वार्टर होते. तेव्हा तो मुलूख मध्य प्रदेशात मोडत असे. राजधानी लांब होती आणि पोलाद कारखान्याचा भोंगा जवळ, त्यामुळे आमच्यावर सत्ता भोंग्याचीच चाले. तीन पाळ्यांचे तीन भोंगे. पहिल्याला आई चूल पेटवी, दुसऱ्याला बाबा घरी येत. बाबा वर्धेकडचे, मॅट्रिक झालेले, कोक ओव्हन विभागात हजेरीबाबू होते. कोळसा भाजून त्याचा कोक करणाऱ्या भट्ट्यांची ती लांबच लांब रांग. बाबांचे टेबल आत पंख्याखाली होते, परंतु टेबलापाशी बसून हजेरी घेणे त्यांना मान्य नव्हते. प्रत्येक पाळीत ते भट्ट्यांवर चढत, माणूस डोळ्यांनी पाहत आणि मगच वहीत खूण करीत. अंगात कारखान्याने दिलेला जाड खाकी ड्रिल कापडाचा गणवेश, गळ्यापर्यंत बटणे लावलेला. घरी येत तेव्हा शर्टाच्या पाठीवर मिठाचे पांढरे नकाशे उमटलेले असत. आल्याबरोबर आंघोळ, आणि सकाळची वेगळी. घाणीचा त्यांना तिटकारा होता. "अंगाले रोग घाणेरड्या माणसालेच होते," असे ते ताट पुढ्यात असतानाही म्हणत, आणि त्यावर घरात कोणी बोलत नसे.

आमच्या घरात पुरुषांचा एक पंचा होता आणि बायकांचा एक. हा नियम वर्धेकडून आलेला. बाबांची आंघोळ आधी होई. मग तोच पंचा पिळून मी वापरी. आई आणि माझी धाकटी बहीण कुंदा यांचा पंचा दुसऱ्या दोरीवर. गणवेश ठरावीक काळाने नवा मिळे, तेव्हा बाबांच्या जुन्या पँटी कैंप-1 या वस्तीतल्या शिंप्याकडून माझ्या मापाच्या करून येत. ड्रिल मजबूत होते, वाया घालवण्यासारखे नव्हते. या सगळ्याला आम्ही शिस्त म्हणत होतो.

सुरुवात उजव्या मांडीच्या आतल्या बाजूला, चार आण्याच्या नाण्याएवढ्या चकतीने झाली. चकती वाढली तशी तिची मधली कातडी साफ होत गेली, आणि कड तेवढी लाल, उचललेली, कोंडा धरलेली राहिली. मला वाटले, मधून बरे होत आहे. ते बाहेर सरकत होते. पावसाळा संपेपर्यंत दुसऱ्या मांडीवर एक आणि कमरेवर, जिथे नाडी बसते तिथे, तीन वर्तुळे झाली. मग ती एकमेकांत मिसळली. दुर्गच्या कॉलेजात मी शेवटच्या बाकाच्या भिंतीकडच्या टोकाला बसू लागलो. व्याख्यानाच्या मध्यावर उठून पाणी प्यायला जाणारा मुलगा म्हणून माझी ख्याती झाली. परतताना मोहन नगरातून पुढे मी सायकल हातात धरून चालत येई, कारण सीटवर बसवत नसे. वाचायला बसलो की चार ओळींनंतर उठे. उभा राहिलो की चाले. चाललो की घाम येई, आणि घाम आला की सगळे पहिल्यापासून सुरू होई.

"अरे, पायात विंचू बांधला काय तुया?" आई म्हणे. "एका जागी बस ना."

"बसलोच तर आहे."

"बसून नाही राहिला तू, नाचून राहिला."

कुंदा बारा वर्षांची होती आणि तिच्या नजरेतून काही सुटत नसे. "आई, पाह्य पाह्य! दादा पुन्हा दाराच्या चौकटीले घासून राहिला. पाटलाच्या म्हशीवानी!"

आईला मी काही सांगितले नाही. तिने माझ्या पँटीचे अस्तर पाहिले आणि दुसऱ्या दिवशी तरोट्याचे बी आणले. बाजारात येणाऱ्या छत्तीसगडी बायका त्याला चरोटा म्हणत आणि आईच्या तोंडचा शब्द ऐकून हसत. बी दोन दिवस आंबट ताकात भिजवायचे आणि पाट्यावर वाटायचे. त्याचा वास जुन्या चामड्यासारखा आणि नासलेल्या दह्यासारखा, दोन्ही एकदम. लेप वाळला की कातडी ओढली जाई आणि तासभर बरे वाटे. मी वाटीतला अर्धा लेप लावी. उरलेला अर्धा आई झाकून ठेवी. सकाळी वाटी घासून पालथी घातलेली दिसे. एका माणसाला लागणाऱ्या लेपाच्या दुप्पट लेप आमच्या घरात वाटला जात होता. मी विज्ञानाचा विद्यार्थी होतो, तरी हा हिशेब मला सुचला नाही.

लेपाबरोबर पथ्य आले. गूळ बंद, सुकट बंद, आणि वांगे बंद. वऱ्हाडी घरातून वांगे बंद होणे म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही. आईच्या हातची वांग्याची भाजी, तीळ-खोबऱ्याच्या वाटणाची, वर तेलाचा तवंग आणि सोबत ज्वारीची भाकर, हा आमच्या आठवड्याचा कणा होता. त्याच सुमारास बाबांनीही ताटातले वांगे बाजूला सारायला सुरुवात केली. "मले आता नाही भावत," म्हणाले. आईने त्यांच्याकडे एकदा पाहिले आणि दुसऱ्या दिवसापासून लौकी शिजू लागली. कुंदा तेवढी रडली. तिला काहीच झाले नव्हते.

पुढे मी स्वतःचे प्रयोग सुरू केले. खोबरेल तेलात कापूर. गंधकाची पूड. पेनातली निळी शाई, जिने कातडी निळी झाली आणि कड निळ्या रंगात अधिकच उठून दिसू लागली. कैंप-1 च्या बाजारात एक माणूस जमिनीवर कापड अंथरून गोल डब्यांतले हिरवे मलम विकायचा. "लगा के नाचोगे नहीं, तो डब्बी वापस ले आना!" असे तो ओरडे. डबी परत न्यायचा प्रसंग आला नाही; न्हाणीघरात मी नाचलो. आठ दिवसांत कड सपाट झाली, मी मलम थांबवले, आणि तिसऱ्या आठवड्यात सगळे परत आले, पूर्वीपेक्षा मोठ्या परिघाने. दर खेपेला मी हीच चूक केली. दिसेनासे झाले की संपले, असे मी मानत होतो.

हल्ली माझ्या नातवाला हाच त्रास आहे. औषधाच्या दुकानदाराने त्याला एक ट्यूब दिली. तीत तीन औषधे एकत्र होती. त्यांतले एक खाज दोन दिवसांत शमवते आणि आतल्या आत रोगाला पोसते. असे मला एका डॉक्टरने समजावून सांगितले. मी ती ट्यूब कचऱ्यात टाकली. सून रागावली. मी कारण सांगितले नाही. सांगणे मला कधी नीट जमले नाही, म्हणून लिहितो आहे.

विसाव्या वर्षी मी कारखान्याच्या प्रशिक्षणार्थींच्या भरतीत बसलो. लेखी परीक्षा झाली, मुलाखत झाली, निवडयादीत नाव आले. वैद्यकीय तपासणी तेवढी राहिली होती. वयाच्या अटीप्रमाणे माझी ती शेवटची संधी होती. आमच्या वसाहतीत मुलांच्या दोनच जाती होत्या: आत गेलेली आणि बाहेर राहिलेली. बाहेर राहिलेली चौकात उभी असत, आणि आत गेलेली सायकलवरून जाताना त्यांच्याकडे न पाहण्याची काळजी घेत. तपासणीत सगळे कपडे उतरवतात आणि कातडीचा रोग दिसला की नाव कापतात, असे ही बाहेरची मुले शपथेवर सांगत. त्यांतल्या कोणाचे नाव त्यामुळे कापले गेले, हे मात्र कोणी सांगत नसे. तपासणीला दहा दिवस होते.

त्या दुपारी बाबा पहिल्या पाळीवरून आले तेव्हा त्यांनी जेवणाचा डबा आईच्या हाती दिला नाही. मला मागच्या अंगणात बोलावले. डब्याच्या खालच्या खणात कागदात गुंडाळलेली एक लहान बाटली होती. हा माणूस कार्यालयातली पेन्सिलसुद्धा घरी आणीत नसे. एकदा कानावर विसरून आलेली पेन्सिल परत करायला ते उन्हातून पुन्हा गेले होते. आणि गेटवर तर डबे उघडून पाहत.

"हे घे. कापसाच्या बोळ्यानं लावायचं. फक्त कडेले. मधात नाही. दोन दिवसाआड एकदा. ऐकून राहिला ना?"

"काय आहे हे?"

"तेल आहे. डांबरातून निघते ते. भट्टीवरचे लोक लावतात."

"जळते काय?"

"जळते. पन्नासपर्यंत मोजायचं. मग थंड पडते."

"तुमाले कसं माहीत?"

बाबांनी डब्याचे झाकण लावले. "लोक सांगतात," म्हणाले आणि आंघोळीला गेले.

दोन दिवसाआड एकदा, हे माझ्यासारख्या उतावळ्या माणसाला सांगण्यात अर्थ नव्हता. माझ्यापाशी दहा दिवस होते. मी ते दिवसातून तीनदा लावले, कडेला आणि मध्येही, आणि वर धोतराच्या पट्ट्या आवळून बांधल्या, म्हणजे ते आत मुरेल. तिसऱ्या दिवशी कातडी पांढरी पडली. चौथ्या दिवशी पट्टीबरोबर निघून आली. आईने पाहिले, तोंडावर पदर धरला आणि खोबरेलाची वाटी आणली. त्या संध्याकाळी तिने बाबांना वाढले, पण ती त्यांच्याशी बोलली नाही. बाबांनी बाटली उचलली आणि मोरीत ओतली. डांबराचा वास घरातून आठवडाभर गेला नाही.

तपासणीला मी पाय फाकवून चालत गेलो. एका लांब खोलीत आम्ही वीसजण चड्डीवर उभे होतो. डॉक्टर मल्याळी होते, वयस्क, त्यांची हिंदी त्यांच्या सोयीची. माझ्यापाशी आल्यावर ते वाकले. पाहण्याआधी त्यांनी वास घेतला.

"ये क्या लगाया?"

"मलम, सर. कैंप-1 के बाज़ार से."

"बाज़ार में ये नहीं मिलता." त्यांनी माझा अर्ज पुढे ओढला आणि बोट एका ओळीवर ठेवले. "फादर कोक ओवन में है?"

"जी."

ते माझ्याकडे पाहत राहिले. पेन उघडे होते. अंगाला काय लावले हे त्यांनी लिहिले असते, तर ते आले कुठून हा प्रश्न पुढे उरलाच असता, आणि त्याचे उत्तर एका हजेरीबाबूच्या डब्यात होते. मला अजून ते पेन आठवते. काळे, टोपणाची क्लिप मोडलेली. त्यांनी टोपण लावले.

"दाद से मैं किसी को मना नहीं करता. इधर आधा आदमी को दाद है. तुम लोग डर के मारे जला के आता है, फिर मैं क्या करेगा? जला हुआ आदमी को भट्टी पे भेजेगा?" मग हळू आवाजात, "घर में और किसको है?"

"किसी को नहीं."

"तौलिया कितना है घर में?"

मी सांगितले. एक पुरुषांचा, एक बायकांचा. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"छह हफ्ते का टाइम देता है. उसमें साफ होके आओ. लेकिन अकेला दवाई करेगा तो छह महीने में भी साफ नहीं होगा. इधर ठीक होगा, उधर से फिर आएगा. जिसको है, उसको पहले लाओ."

घरी मी हे जेवताना सांगितले. जेवताना सांगण्यात एक फायदा होता. बाबा ताटावरून उठत नसत.

"घरात आणखी कोणाले नाही," बाबा म्हणाले.

"डॉक्टर म्हणतात, पंचा एकच असल्यावर..."

"तर तू वेगळा पंचा घे. झालं."

"ऐकता काय," आई म्हणाली. "जाऊन या ना त्याच्यासंग."

"मले काय झालं आहे?"

"कपडे मीच धुते. लेपाची वाटीही मीच घासते."

बाबांनी भाताचा शेवटचा घास खाल्ला, ताटात पाणी फिरवले आणि चपला घालून बाहेर गेले. त्यानंतर चार दिवस घरात भोंग्याशिवाय कोणाचा आवाज नव्हता. सहा आठवड्यांतले चार दिवस. मी दोन खोल्यांत येरझाऱ्या घालत होतो, आणि बाबा माझ्याकडे पाठ करून वर्तमानपत्र वाचत. पान उलटत नसे. तेव्हा प्रथम मी त्यांच्याकडे नीट पाहिले. बसल्या जागी ते खांदा किंचित उचलत आणि पाठ खुर्चीच्या पट्टीवर फार सावकाश, एकदाच, वरून खाली नेत. मग पुन्हा ताठ. इतक्या वर्षांत मला ती त्यांची बसण्याची ऐट वाटली होती.

पाचव्या दिवशी बाबांची सुटी होती. सकाळी आईने अंगणात सिगडी पेटवली, तिच्यावर लग्नकार्यात भात शिजवायची मोठी गंजी चढवली आणि तीत बाबांच्या पँटी, बनियनी, चड्ड्या आणि पंचा, सगळे टाकून उकळायला ठेवले. लाकडाच्या काठीने ती ते ढवळत होती. पलीकडच्या क्वार्टरमधल्या मिश्रीण काकूंनी भिंतीवरून डोके काढले.

"क्या पक रहा है, भाभी? बड़ी भाप उठ रही है!"

"इनकी पैंट पक रही है," आई म्हणाली. ती एरवी इतक्या मोठ्याने बोलत नसे. "दाद हो गया है इनको. बाप को भी, बेटे को भी."

"अरे राम! तो हमारे इनके भी उबाल दो, भाभी. ये भी दिन भर खुजाते हैं, बोलते हैं मच्छर है!"

खिडकीआड बाबा उभे होते. आई आत आल्यावर त्यांनी दात आवळून विचारले, "गल्लीले कावून सांगून राहिली तू?"

"गल्लीले मी सांगितलं. डॉक्टरले तुमी सांगा."

दुसऱ्या दिवशी बाबा दाढी करून, इस्त्रीचे कपडे घालून दारात उभे होते. "चाल," एवढेच म्हणाले. आम्ही दोघांनी सायकली काढल्या आणि दोघेही त्या हातात धरून चालू लागलो. इस्पितळापर्यंत कोणीच सीटवर बसले नाही. वाटेत बाबांनी एकदा माझ्या सायकलीकडे पाहिले, मी त्यांच्या. त्या विषयावर आमच्यात झालेली चर्चा एवढीच.

चर्मरोगाच्या खोलीबाहेर एक लांब बाक होता आणि त्यावर माणसे खेटून बसली होती. त्यांतली निम्मी कोक ओव्हनची. बाबा थबकले. रोज ज्यांना ते गळ्यापर्यंत बटणे लावून तपासत, ती माणसे. भट्ट्यांची झाकणे उघडणारा मनराखन बाकाच्या टोकाला होता. त्याने हात जोडले आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरले.

"का बाबू, तहूँ ल धर लिस का?"

बाबूलाही धरले का, हे ऐकून बाक हसला. दुसरा कोणी म्हणाला, "हाजिरी यहीं ले लो बाबू, पूरी पाली बैठी है!"

बाबा परत फिरतील असे मला वाटले. त्यांची मान वळलीही होती. मग त्यांनी बाकावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवली, खरोखरच मोजल्यासारखी.

"मनराखन, तेरी तो आज पहली पाली है."

"छुट्टी ले हँव बाबू. आपे मन तो देहव." म्हणजे सुटी बाबांनीच दिली होती.

"क्या बोल के ली थी?"

"पेट दरद."

"मैंने भी," बाबा म्हणाले.

यावेळचे हसणे निराळे होते. मनराखन सरकला, त्याच्यापुढचा सरकला, आणि बाबा त्या बाकावर बसले. मी भिंतीला टेकून उभा राहिलो.

आत त्याच मल्याळी डॉक्टरांनी आम्हा दोघांना एकदमच कपडे काढायला सांगितले. बाबांनी शर्ट काढला, घडी केली, खुर्चीवर ठेवला, मग बनियन. मी पाहू नये असे मला वाटत होते, आणि मी पाहिले. कमरेपासून पाठीच्या फऱ्यांपर्यंत कातडी हत्तीच्या कातडीसारखी जाड आणि काळपट झाली होती. वर्तुळांत वर्तुळे, जुनी आणि नवी. मध्ये जागोजागी गुळगुळीत गुलाबी डाग होते. ते कशाचे हे मला विचारावे लागले नाही. तसे दोन माझ्या मांडीवर ताजे होते. त्यांचे हात जिथपर्यंत पोचतात तिथपर्यंत बाबांनी स्वतःला जाळले होते, आणि जिथे पोचत नाहीत तिथे रोग तसाच होता.

"कितना साल?"

"ग्यारह," बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी इस्पितळातच घोटलेले पांढरे मलम दिले, चपट्या डबीत. नियम साधे होते. आंघोळीनंतर कातडी कोरडी करायची, माझ्या जखमा भरल्यावरच तिथे मलम लावायचे. फक्त डागावर नाही, तर कडेच्या बाहेर दोन बोटे, जिथे काही दिसत नाही तिथपर्यंत. पंचा प्रत्येकाचा वेगळा, कपडे उकळलेले आणि उन्हात वाळवलेले. आणि दिसेनासे झाल्यावरही थांबायचे नाही. "जो दिखता है वो आधा है," ते म्हणाले. "पीठ पे इनका हाथ नहीं जाएगा. तुम लगाएगा."

तेव्हापासून रोज दुपारी पहिल्या पाळीनंतर, आंघोळ झाली की बाबा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उभे राहत आणि खुंटी धरत. मी मलम लावी. आम्ही बोलत नसू. फार तर "डावीकडं," किंवा "तिथं झालं." मलम चुरचुरे, त्यांच्या खांद्याचे स्नायू ताणले जात आणि सैल पडत. चौथ्या आठवड्यात कडा मऊ झाल्या. एका दुपारी ते भिंतीलाच सांगितल्यासारखे म्हणाले, "भट्टीवर उभं असलं की हात मागं नाही नेता येत. शंभर माणसं पाहून राहतात. हजेरी घेणारा माणूस खाजवताना कसा दिसंन?" मी हात थांबवला नाही. एवढे लांब वाक्य त्यांनी स्वतःविषयी माझ्यापाशी त्याआधी उच्चारले नव्हते, त्यानंतरही नाही. त्या आठवड्यांत मी एका जागी उभा राहायला शिकलो. दिवसातली ती दहा मिनिटे मला खाज आठवत नसे.

सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी माझी मांडी, कंबर, बोटांच्या बेचक्या, सगळे भिंग लावून पाहिले आणि कागदावर सही केली. मी पात्र ठरलो. मग त्यांनी बाबांची पाठ पाहिली. "बहुत अच्छा है. लेकिन आपका दो महीना और. बंद नहीं करना." बाबा म्हणाले, "जी." बाहेर आल्यावर त्यांनी माझा कागद मागून घेतला, उन्हात धरून दोनदा वाचला आणि घडी करून स्वतःच्या खिशात ठेवला. घरी पोचेपर्यंत तो मला परत मिळाला नाही. आईने त्या दिवशी वांगी केली.

प्रशिक्षण सुरू झाले. नवा गणवेश, नवा बिल्ला, आत गेलेल्या मुलांची सोबत. दुपारी सुटलो की आम्ही कैंप-1 ला समोसे खायला जात असू आणि चौकातून जाताना कोणाकडे पाहत नसू. घरी येईपर्यंत दिवे लागलेले असत. असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी सकाळी आई म्हणाली, "बाबा काल उभे होते, खोलीत."

"कोठं?"

"भिंतीपाशी. तू नव्हता."

"मग मले सांगायचं ना त्यांनी. थांब म्हणायचं."

"ते म्हणतात काय कधी?" आई म्हणाली.

त्या दुपारी मी कपडे बदलायला म्हणून लवकर आलो. मित्र बाहेर थांबले होते. बाबा आंघोळ करून शर्टाची बटणे लावत होते. मी फळीवरची डबी घेतली.

"राहू दे," बाबा म्हणाले. "गेलं आता."

"पाहू द्या ना पाठ."

"गेलं म्हटलं ना. जा, पोट्टे थांबून राहिले तुये."

बाहेर सायकलची घंटी वाजत होती. डॉक्टरांचे शब्द मला पाठ होते. दोन महिने म्हणजे किती, हेही मला कळत होते, आणि त्यांतला एक आठवडाही पुरा झाला नव्हता. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिले. ते वरचे बटण लावत होते. गेलेले नाही हे त्यांना ठाऊक होते, मलाही ठाऊक होते, आणि त्यांनी मला मोकळे केले होते. मला तेच हवे होते.

मी डबी फळीवर ठेवली आणि गेलो. बाबांनी पुढे निवृत्त होईपर्यंत भट्ट्यांवर चढून हजेरी घेतली. माझ्यासमोर त्यांनी पुन्हा कधी शर्ट काढला नाही.